बाकदार फर्निचरमधले डव्हटेल सांधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरळ फळ्यांचा साधा डव्हटेल ज्यांना हातानं कापता येतो आणि आता ज्यांना फुगीर दर्शनी भागाचे खण, तिरप्या बाजूंच्या पेट्या किंवा वळणदार पायांची तिपाई करायची आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. टेल (एका फळीच्या टोकाला शेपटीसारखा रुंद होत जाणारा दात) आणि पिन (त्या दातांच्या मध्ये बसणारा दुसऱ्या फळीचा दात) हे शब्द वर्कशॉपमध्ये चालतात तेच इथे ठेवले आहेत. हाफ-ब्लाइंड, म्हणजे समोरून न दिसणाऱ्या सांध्यात टेल झाकणारा जो पातळ भाग खणाच्या तोंडाशी शिल्लक राहतो, त्याला इथे ‘पडदा’ म्हटलं आहे.

बरेच आकडे एकाच खणाचे आहेत, म्हणजे हिशेब ताडून बघता येईल. खणाचं तोंड डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सरळ मोजलं तर ८०० मिमी. मध्यभागी ते ६० मिमी पुढे आलेलं आहे, हा त्याचा बाक. दर्शनी फळी २२ मिमी जाड, बाजूच्या फळ्या १२ मिमी जाड. या बाकाची त्रिज्या साधारण १,३६३ मिमी येते आणि टोकाशी फळी सरळ रेषेपासून १७ अंश कललेली असते. त्रिज्या काढायला लांबीचा वर्ग भागिले बाकाच्या आठपट, अधिक बाकाचा निम्मा, एवढं पुरतं.

वाकलेल्या फळीवर डव्हटेल कापता येतो का?

येतो, पण मोजमाप वाकलेल्या पृष्ठभागावरून घ्यायचं नाही. हे एक पक्कं केलं की या पानावरचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. डव्हटेलला एक सपाट संदर्भ लागतो, मग फळी कितीही वळणदार असो. आपल्या खणात तो संदर्भ म्हणजे दोन्ही टोकांना जोडणारी सरळ रेषा. दर्शनी फळीची टोकं या रेषेला काटकोनात कापायची, म्हणजे टोकाचा छेद बाजूच्या फळीला बरोबर समांतर येतो. सगळी गेज-रेघ (गेज म्हणजे कडेला टेकवून ठरावीक अंतरावर रेघ मारायचं हत्यार), सगळा गुण्या या रेषेच्या हिशेबानं चालतो. फुगीर तोंडाला गेज टेकवून मारलेली रेघ दिसायला छान वाकडी येते आणि सांध्याच्या काही कामाची नसते.

दुसरी अट धाग्याची. टेल आणि पिन दोन्हींच्या लांबीच्या दिशेनं लाकडाचा धागा अखंड जायला हवा. बाक देताना धागा कुठे वळला आणि कुठे तुटला, हे सांधा आखण्याआधी बघून ठेवायचं.

आधी बाक की आधी सांधा?

बाक कसा आणणार त्यावर अवलंबून आहे.

जाड ठोकळ्यातून बाक करवतून काढायचा असेल तर आधी सांधा. ठोकळा चौकोनी आहे तोवर तो सपाट टेबलावर बसतो, गेज त्याला नीट टेकतो, गुण्या खोटं बोलत नाही. टेल बसायच्या खोबण्या पूर्ण उकरून, बाजूची फळी एकदा निम्म्यापर्यंत कोरडी बसवून बघायची आणि मगच बँडसॉवर बाक कापायचा. आपल्या खणाला मात्र ८५ मिमी जाडीचा ठोकळा लागेल. सागाचा भाव बघता ती उधळपट्टी आहे. ही पद्धत २०–२५ मिमी बाकापर्यंत ठेवावी, तिथे ५० मिमीची फळी पुरते.

पातळ पट्ट्या चिकटवून बाक आणणार असाल तर अर्थातच आधी बाक. साच्यातून काढल्यावर फळी थोडी उघडते. ती किती उघडेल याचा ढोबळ अंदाज असा: बाक भागिले थरांच्या संख्येचा वर्ग. ३ मिमीच्या ७ थरांनी ६० मिमीचा बाक केला तर साधारण १.२ मिमी परत जाईल. तीच जाडी ४ जाड थरांत बसवली तर पावणेचार मिमी. म्हणून थर जास्त ठेवा, आणि साच्यातून काढल्यावर फळी किमान आठवडाभर दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवून मगच टोकं कापा.

वाफेनं वाकवलेली फळी याहून जास्त वेळ हलत राहते. एक इंच जाडीला एक तास वाफ हा नेहमीचा हिशेब आहे, पण भट्टीत वाळवलेलं लाकूड वाफेला नीट दाद देत नाही. शिवाय प्रत्येक फळी वेगळी परत येते. एका कपाटाचे चार खण एकसारखे हवे असतील तर माझं मत सरळ आहे: थर चिकटवा.

टेल कुठे आणि पिन कुठे?

खण ओढला की जोर दर्शनी फळीवर येतो. ती बाजूंपासून सुटू नये म्हणून टेल बाजूच्या फळ्यांवर आणि पिन तोंडाच्या फळीत. बाकदार खणात याचा आणखी एक फायदा होतो. बाजूच्या फळ्या सपाट असतात, त्यामुळे टेल नेहमीसारखे कापता येतात आणि अवघड काम फक्त एकाच फळीवर उरतं. म्हणून इथे टेल आधी कापा, पिन त्यावरून आखा. सरळ कामात पिन आधी कापणाऱ्यांनीही बाकदार खणापुरती सवय बदलावी.

टोकाशी १७ अंशांचा कल आहे. तो सांध्यात कसा जिरवायचा?

दोन मार्ग आहेत.

पहिला, आणि बहुतेक वेळा योग्य: दर्शनी फळीच्या आतल्या अंगाला, टोकापाशी, बाजूच्या फळीच्या जाडीपेक्षा एखादा मिमी जास्त रुंदीचा सपाट पट्टा करून घ्यायचा. तो सरळ रेषेला समांतर असतो, म्हणजे बाजूच्या फळीशी काटकोनात. आपल्या खणात १३ मिमी रुंदीचा पट्टा करताना टोकाशी ४ मिमी लाकूड जातं आणि आत सरकत जाऊन ते शून्य होतं. छोट्या रंध्यानं किंवा रुंद पटाशीनं पाच मिनिटांचं काम. यानंतर बाजूची फळी त्या पट्ट्यावर साध्या काटकोनी खांद्यानं बसते आणि सांधा नेहमीचा होतो. ठोकळ्यातून काढलेल्या फळीत तर हा पट्टा करावाही लागत नाही. आतला बाक कापताना टोकाची १३ मिमी जागा सोडून द्यायची.

दुसरा मार्ग म्हणजे आतलं अंग गोल ठेवून बाजूच्या फळीचा खांदा तिरपा कापणे. मग बाजूच्या फळीच्या बाहेरच्या आणि आतल्या अंगावरच्या बेसलाइनमध्ये (टेल जिथून सुरू होतो त्या रेघेत) ३.७ मिमीचा फरक पडतो. बाहेरच्या अंगावर टेल लांब, आतल्या अंगावर आखूड. दोन गेज वेगवेगळे लावून ठेवायचे आणि ते कामभर हलवायचे नाहीत. आतून उघडं दिसणारं, झाकणाच्या पेटीसारखं काम असेल तर हा त्रास घ्यावा, कारण आतली गोलाई कोपऱ्यापर्यंत अखंड दिसते. कपड्यांच्या खणासाठी घेऊ नये.

पडदा किती जाड ठेवायचा?

सरळ खणात ४–५ मिमी ठेवतात आणि तो सगळीकडे सारखा असतो. बाकदार खणात तो सारखा नसतो. या कामात सर्वांत जास्त फळ्या याच ठिकाणी वाया जातात, म्हणून इथे जरा थांबू.

फुगीर तोंड आधी घ्या. टोकापासून मध्याकडे जाताना फळीचं बाहेरचं अंग पुढे सरकत जातं. खोबणी टोकापासून १२ मिमी आत जाते. म्हणजे पडदा टोकाच्या कडेला सर्वांत पातळ आणि खोबणीच्या आतल्या भिंतीशी सर्वांत जाड. आपल्या खणात टोकाशी, बाजूच्या फळीच्या दिशेनं मोजलं तर, जाडी २३ मिमी भरते. सपाट पट्ट्यात ४ गेली, १९ उरली. टेल १३ मिमी लांब ठेवला तर कडेला पडदा ६ मिमी आणि आत पावणेदहा. काळजीचं काही नाही. जे पातळ आहे ते डोळ्यांसमोर आहे.

आता आत दबलेलं, खोलगट तोंड घ्या. सगळं उलटं होतं. टोकापासून मध्याकडे जाताना बाहेरचं अंग मागे सरकतं. टोकाच्या छेदावर तुम्ही ५ मिमी पडदा आखला, मनासारखा दिसला, आणि पटाशी मारत आत गेलात. आतल्या भिंतीशी त्या पाचातले ३.७ गेलेले असतात. शिल्लक १.३ मिमी. मोगरीचा एक ठोका जरा जोरात पडला की पटाशीचं टोक दर्शनी बाजूनं बाहेर येतं, तेही पॉलिश होणाऱ्या अंगावर. खोलगट तोंडाच्या फळीवर पडदा टोकाशी कधीच मोजू नका. बाजूच्या फळीची जाडी जिथे संपते तिथे आत रेघ मारा, तिथली जाडी कॅलिपरनं घ्या आणि त्यातून ५ मिमी वजा करून टेलची लांबी ठरवा.

नागमोडी तोंडात, म्हणजे मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे दबलेल्या फळीत, शेवटच्या १२–१५ मिमीचा कल कुठल्या बाजूला आहे तेवढंच बघायचं. बाकीच्या वळणांचा सांध्याशी संबंध नाही.

टेलचा उतार किती, १:६ की १:८?

मऊ लाकडाला १:६, कठीण लाकडाला १:८. सागाला मी १:७ घेतो, म्हणजे साधारण ८ अंश. बाकामुळे यात काही बदल होत नाही.

वाकलेली दर्शनी फळी पिन कापताना पकडायची कशी?

बाक कापल्यावर जे उरतं ते फेकू नका. बाहेरच्या बाजूचा खोलगट तुकडा म्हणजे त्या फळीचा हक्काचा पाळणा. त्यावर जुन्या चादरीचा तुकडा किंवा पातळ कॉर्क चिकटवला की फळी त्यात हलत नाही आणि क्लॅम्पचा दाब सरळ रेषेत जातो. थर चिकटवून केलेल्या फळीला साचाच पाळणा म्हणून चालतो.

फळी पाळण्यासकट व्हाइसमध्ये उभी धरायची. टोकाचा छेद जमिनीला समांतर आहे ना, हे लेव्हलनं बघा. नजरेवर सोडू नका. फळी वाकडी असल्यामुळे डोळा तिच्या कडेकडे बघून काटकोन ठरवतो आणि करवत नकळत १–२ अंश कलते. सरळ फळीत ही चूक होत नाही, कारण तिथे कड आणि काटकोन एकच असतात.

टेलवरून पिन आखताना बाजूची फळी सरकते. उपाय?

बाजूच्या फळीच्या आतल्या अंगावर, बेसलाइनवर, अर्धा मिमी खोल खाच रंध्यानं काढून घ्या. खाचेचा खांदा सपाट पट्ट्याच्या टोकाकडच्या कडेला अडकतो आणि फळी पुढेमागे जात नाही. डावी-उजवी सरक थांबवायला एक सरळ पट्टी खालच्या कडेला क्लॅम्प करा. खालची कड हाच दोन्ही फळ्यांचा संदर्भ, वरची नव्हे. खणाच्या तळाची खोबण खालच्या कडेवरून मोजली जाते आणि ती सर्वांत खालच्या टेलमधून गेली तरच बाहेरून झाकली जाते. बाकदार खणात तोंडाच्या फळीतली ही खोबणही वळणदारच काढावी लागते आणि तळाची पुढची कड त्या वळणाला जुळवून कापावी लागते.

आखायला सुरी वापरा, पेन्सिल नको. सागाच्या गडद एंड ग्रेनवर (टोकाच्या, धागा आडवा कापलेल्या छेदावर) रेघ दिसत नसेल तर खडू हलका चोळून मग सुरी चालवा.

खोबणी उकरताना कोपरे साफ होत नाहीत. कुठल्या क्रमानं जावं?

हाफ-ब्लाइंड खोबणीत करवत पूर्ण खाली जाऊ शकत नाही. ती टोकाच्या रेघेपासून आतल्या बेसलाइनपर्यंत तिरपी, सुमारे ४५ अंशांत जाते आणि कोपऱ्यात लाकडाचा त्रिकोण शिल्लक राहतो. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवा, रेघ अर्धी शिल्लक दिसली पाहिजे. मग पटाशीनं बेसलाइनपासून एक मिमी अलीकडे उभा ठोका, टोकाकडून आडवा ठोका, एक चकती सुटेल. पुन्हा उभा, पुन्हा आडवा. तळ गाठेपर्यंत बेसलाइनला हात लावायचा नाही. शेवटचा एक मिमी हाताच्या दाबानं, मोगरीशिवाय काढायचा.

युरोप-अमेरिकेतल्या जुन्या खणांमध्ये आतल्या अंगावर करवतीचे काप बेसलाइनच्या पलीकडे गेलेले सर्रास दिसतात. तिथल्या कारागिरांनी कोपरा लवकर साफ व्हावा म्हणून ते मुद्दाम केलेलं असे. सरळ फळीत तुम्हीही करू शकता. बाकदार फळीत, विशेषतः थर चिकटवलेल्या, ते टाळा. तो काप गोंदाच्या सांध्याला आडवा छेदतो आणि पातळ थराचा कपचा सुटू शकतो. कोपऱ्यातला त्रिकोण सहा मिमीच्या पटाशीनं, कडा बाजूनं घासून अगदी पातळ केलेल्या, हळूहळू घ्यावा.

सागात वाळूसारखे कण असतात, ते धार खातात. एका टोकाच्या खोबण्या झाल्या की पटाशी दगडावर नेलीच पाहिजे. ३० अंशांची धार टिकत नसेल तर ३३ पर्यंत जा.

पेटीच्या चारही बाजू तिरप्या असतील तर डव्हटेल कसा आखायचा?

इथून काम खरंच अवघड होतं, आणि मला विचाराल तर इथूनच ते सुंदर होतं. चारही बाजू बाहेरच्या अंगाला १५ अंश कललेल्या आहेत असं धरा. फळीच्या अंगावर टोकाचा काप १५ अंशांनी येत नाही, १४.५ अंशांनी येतो (कलाच्या साइनचा उलटा टॅन). टोकाच्या छेदाला आणखी ३.८ अंशांचा कोन द्यावा लागतो, कारण दोन फळ्यांमधला कोन ९० ऐवजी ९३.८ होतो. हे दोन आकडे कॅल्क्युलेटरवर काढा, प्लायवर पूर्ण मापाची आकृती काढून त्यावर बेव्हल (हवा तो कोन धरून ठेवणारा गुण्या) लावा, आणि दोन्ही जुळले तरच लाकडाला हात लावा.

यानंतर दोन ठिकाणी हमखास गडबड होते.

पहिली टेलच्या दिशेची. सवयीनं माणूस टेल टोकाच्या तिरप्या कापाला काटकोनात आखतो. तसं केलं तर टेलचा मध्य धाग्यापासून १४.५ अंश फिरतो, त्यात ८ अंशांचा उतार मिळवला की टेलची एक बाजू धाग्याला २२ अंशांहून जास्त तिरकी होते. त्या बाजूचा कोपरा पहिल्याच बसवणीत उडतो. टेलचा मध्य फळीच्या लांब कडेला समांतर ठेवा. मग दोन्ही बाजू धाग्यापासून सारख्याच ८ अंशांवर राहतात. तिरप्या टोकाला बेव्हल टेकवून हे आखायला दोन वेगळे कोन लागतात, एक साधारण ६७ अंशांचा आणि दुसरा साडेत्र्याऐंशीचा. दोन बेव्हल लावून ठेवा.

दुसरी गडबड करवत धरण्यात होते. सरळ सांध्यात टेलच्या टोकावरची रेघ फळीच्या अंगाला काटकोनात असते. इथे तशी नसते. पिनची फळी ज्या दिशेनं सरकून बसणार ती दिशा आडवी आहे, आणि टेलची फळी तिला कललेली आहे. म्हणून आधी फळ्यांच्या वरच्या-खालच्या कडा अशा रंधून घ्यायच्या की पेटी उभी केल्यावर त्या जमिनीला समांतर येतील. मग टोकाच्या छेदावरच्या रेघा त्या रंधलेल्या कडेला समांतर मारायच्या आणि करवत त्याच रेघेत चालवायची. फळी व्हाइसमध्ये तिरपी धरून करवत उभी चालेल अशी सोय केली तर हात चुकत नाही.

बाँबे कपाटात तर बाजूसुद्धा फुगलेल्या असतात. तिथे खण कसे बसवतात?

बाँबे म्हणजे खालच्या भागात पोट आलेली कपाटं. १८व्या शतकात फ्रान्समध्ये ही फॅशन जोरात होती आणि अमेरिकेत बॉस्टन हे तिचं प्रमुख ठिकाण. तारीख असलेल्या बॉस्टन नमुन्यांत बेंजामिन फ्रॉदिंगहॅम यांचं १७५३ सालचं लिहिण्याचं मेज-कपाट फार आधीचं मानतात. जॉन कॉग्सवेल यांनी १७८२ मध्ये सही करून ठेवलेलं खणांचं उंच कपाट बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. तिथले कारागीर कपाटाच्या फुगीर बाजू जाड महॉगनी फळीतून कापून काढत.

खणांची सोय दोन प्रकारे झाली. सुरुवातीच्या कामात कपाट बाहेरून फुगीर आणि आतून सरळ. खणाच्या बाजू उभ्या, डव्हटेल साधा, फक्त खणाचं तोंड कडेला वाढून फुगवट्याबरोबर जातं. नंतर कारागिरांनी आतली भिंतही फुगवट्याप्रमाणे नेली आणि खणाच्या बाजू तिच्याबरोबर कलत्या केल्या. तिथे प्रत्येक खणाचा कल वेगळा असतो आणि आधीच्या उत्तरातला तिरप्या पेटीचा सगळा हिशेब प्रत्येक खणाला नव्यानं करावा लागतो.

तुम्ही पहिल्यांदा करत असाल तर पहिला प्रकार घ्या. त्यात लबाडी काही नाही, नावाजलेल्या कामात तो आहे. दुसऱ्या प्रकारात खणाची बाजू त्या खणाच्या उंचीपुरती सरळ तिरपी ठेवून बाहेरून नंतर गोल करावी. डव्हटेल सपाट तिरप्या फळीत कापला जातो आणि गोलाई सांधा चिकटल्यावर रंध्यानं येते.

तिपाईच्या वळणदार पायांना डव्हटेल कुठे येतो?

गोल खांबाला तीन वळणदार पाय, या प्रकारात पायाच्या वरच्या टोकाला उभा सरकता डव्हटेल असतो आणि तो खांबाच्या खालच्या टोकातून वर सरकवतात. खांब गोल, पायाचा खांदा सपाट, मग फट राहते. ७० मिमी व्यासाच्या खांबावर २८ मिमी जाडीचा पाय बसवायचा तर खांबावर जवळपास ३ मिमी खोल सपाट पट्टा रंधावा लागतो. किंवा पायाचा खांदा गोल पटाशीनं खोलगट करावा लागतो. सपाट पट्टा सोपा आणि पक्का.

पायाचं वळण कापण्याआधी डव्हटेल कापा. वळण कापल्यावर पाय कशातच धरता येत नाही. आखताना धागा घोट्याच्या बारीक भागातून सरळ जाईल असा ठेवा, कारण पाय मोडतो तो तिथेच.

टेबलावर वजन आलं की सांध्याचा वरचा भाग खांबात दाबला जातो आणि खालचा भाग बाहेर ओढला जातो. खांब खालून चिरतो तो यामुळे. जुन्या कामात खांबाच्या तळाला तीन फाट्यांची लोखंडी पट्टी ठोकलेली दिसते ती यासाठी. ती लपलेली असते, लावायला संकोच करू नका.

कुठलं लाकूड घ्यावं?

तोंडाला साग किंवा शिसव. चंद्रपूर-बल्लारपूरकडचा सरळ धाग्याचा साग मिळाला तर उत्तम. शिसवात टेलच्या कडा धारदार राहतात, पण हात दुखतो. खणाच्या बाजूंना शिवण फार चांगली: हलकी, कमी हलणारी, पटाशीला सोपी. कोकणात फणस सहज मिळतो, तोही बाजूंना चालतो. कच्चं आंब्याचं लाकूड या कामात आणू नका.

गोंद कुठला?

सांध्याला नेहमीचा पांढरा पीव्हीए पुरतो. बाकाचे थर चिकटवायला तो नको. सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि बाक उघडतो. तिथे युरिया फॉर्माल्डिहाइड किंवा इपॉक्सी. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोननं पुसून घ्या. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही.

पावसाळ्यात खण अडकतो, उन्हाळ्यात खडखडतो. सांध्याचा दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. तोंडाच्या आणि बाजूच्या दोन्ही फळ्यांचा धागा लांबीच्या दिशेनं असल्यामुळे दोघी उंचीत एकत्र फुगतात, एकत्र आटतात. सांध्याला ताण येत नाही. मुंबईत जुलैमध्ये लाकडातला ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास जातो, नागपूरच्या मे महिन्यात तो ६ किंवा त्याखाली येतो. एवढ्या फरकात १५० मिमी उंचीची सागाची फळी दीड-दोन मिमी बदलते. लाकूड १०–१२ टक्क्यांवर असताना काम करा आणि पावसाळ्यात बसवत असाल तर वरची फट कमी, उन्हाळ्यात बसवत असाल तर जास्त ठेवा.

बाकदार फळीचं एक वेगळं वागणं आहे. ती जाडीत आटते, पण वळणाच्या लांबीत जवळजवळ आटत नाही. त्यामुळे सुकताना बाक थोडा जास्त आवळतो. जाडी एक टक्का घटली तर आपल्या ६० मिमी बाकात सुमारे ०.६ मिमी वाढ होते. खण कपाटाच्या कडेशी अगदी लेव्हल ठेवण्याचा आग्रह असेल तर शेवटचा हात एक ऋतू गेल्यावर मारा.

राउटर आणि जिग वापरले तर?

बाजूच्या सपाट फळ्यांचे टेल राउटरवर खुशाल कापा. बाजारातल्या जिगा (राउटरला वाट दाखवणारे साचे) मात्र दोन्ही फळ्या सपाट आणि काटकोनात आहेत असं धरून चालतात. दर्शनी फळीला सपाट पट्टा केलेला असला तरी बाकामुळे ती जिगमध्ये नीट टेकत नाही. खोबण्यांचा बराचसा भुगा राउटरनं हातानं धरून काढता येतो, रेघेपासून एक मिमी अलीकडे थांबून. कडा पटाशीच्याच. शिवाय जिगमधल्या पिन जाड आणि एकसारख्या येतात. बारीक पिन आणि रुंद टेल ही जी हाताच्या कामाची ओळख आहे, ती बाकदार तोंडाच्या खणात आतून बघणाऱ्याला लगेच दिसते.

सांधा किती घट्ट हवा, आणि फट राहिली तर काय करायचं?

कोरडा बसवताना निम्म्यापर्यंत हातानं जावा आणि उरलेला, गोंद लावल्यावर, मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. कोरडा पूर्ण बसवून पुन्हा काढू नका, कडा दबतात. फुगीर फळीवर ठोका पाळण्यात ठेवूनच मारा, नाहीतर धक्का मध्यभागी जातो आणि टोक वर उसळतं.

फट राहिली तर भुसा आणि गोंद भरू नका, पॉलिश केल्यावर तो काळा डाग होऊन दिसतो. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून, धागा टेलच्याच दिशेनं ठेवून, पातळ पाचर काढा. फटीत करवतीचा एक काप मारून तिला दोन्हीकडून समांतर करा, पाचरीला गोंद लावून बसवा आणि सुकल्यावर पटाशीनं छाटा. खोलगट तोंडाच्या पडद्याला आरपार भोक पडलं असेल तर पाचर लपत नाही. तिथे टोकाचा १५ मिमी भाग कापून खण अरुंद करणं किंवा फळी बदलणं, एवढेच दोन पर्याय आहेत. टोक कापलं तर बाकाची लांबी बदलते, म्हणून दुसरं टोकही तेवढंच कापावं लागतं. सांध्यांना सुरुवात करण्याआधी फळी दोन्ही टोकांना २० मिमी जास्त लांब ठेवलेली असेल, तर हा निर्णय सोपा जातो.